कडूबाची शिलकी

आमच्या कंपनीत आठवडी सुट्टीला कामावर बोलावलं, की बदल्यात एक सुट्टी मिळती. कागदावर तिचं नाव सी-ऑफ. कडूबा तिला शिलकी म्हणतो. वैजापूरकडचा गडी, शिल्लक म्हणलं की त्याच्या डोळ्यापुढं कणगी येती. आज नाय खाल्लं तर उद्या खाऊ. धान्याला निदान किडे लागतेत, सुट्टीला काय लागणार, असा त्याचा समज. एकोणीस वर्षं वाळूजला माझ्या शेजारच्या प्रेसवर पत्रा दाबतोय. दिवाळीआधीच्या घाईत पाच रविवार आला आन पाची सुट्ट्या कणगीत टाकून मोकळा झाला.

मग फाल्गुनात त्याच्या शेताच्या मोजणीची तारीख आली. त्याच्या चुलतभावानं, सोमनाथनं, दरसाली नांगर घालून बांध कोरत आत आणला व्हता. कडूबानं मोजणीचा अर्ज टाकून आठ महिने वाट पाहिली, तेव्हा कुठं सोळा तारीख, मंगळवार मिळाला. अर्जदार बांधावर नसला तर मोजणारा आला तसा माघारी जातो, आन परत पहिल्यापासून अर्ज. कडूबाच्या बाकीच्या रजा आशाबाईच्या, म्हणजे बायकोच्या, आजारपणात सरलेल्या. न सांगता खाडा केला तर नोटीस. राहिली शिलकी.

एचआरच्या खोलीत मीबी त्याच्याबरोबर गेलो.

"म्याडम, माझ्या पाच शिलकी हायेत. त्यातली एक द्या."

प्रेरणा म्याडमनी कॉम्प्युटरमधी पाहिलं. "काका, सगळ्या लॅप्स झाल्यात. दोन महिन्यांत घ्यायच्या असतात."

"मागितल्या की. दोनदा."

"लेखी?"

"तोंडी. बद्रीनाथ साहेबाला."

"मग सिस्टिमला कसं कळणार?"

"रविवारी मी कामावर आलो ते कळलं ना सिस्टिमला?"

म्याडमनी बाटली उचलून पाणी पिलं. "सुपरवायझरना विचारा," म्हणाल्या.

बद्रीनाथ आमचा सुपरवायझर. तो म्हणाला, "सुट्ट्या एचआरचा विषय हाये. आन सोळाला लोड हाये."

लोड. आमचे बाप बैलगाडी भरायचे, तर ती कुठंतरी जाऊन रिकामी व्हायची. ह्या कंपनीचा लोड उतरलेला मी अजून पाहिला नाय. कडूबानं मार्गशीर्षात सुट्टी मागितली, लोड. पौषात मागितली, लोड. मुदत सरली तेव्हाबी लोडच. द्यायची ह्यांनी नाय, आन गेली म्हणायचं आपली. डोकं भणाणतं माणसाचं.

जब्बार आमचा इलेक्ट्रिशियन. त्यानं सगळं ऐकलं आन आम्हाला गेटाजवळच्या फळ्याकडं नेलं. फळ्यापुढं पाण्याच्या जारांची चळत. चार जार हलवले तेव्हा काचेआड कायद्याचा मराठी कागद दिसला. जब्बारनं बोट ठेवून वाचलं : आठवड्याची सुट्टी बुडाली, तर त्याच महिन्यात नायतर पुढच्या दोन महिन्यांत तितक्याच सुट्ट्या कामगाराला द्याव्यात.

"द्याव्यात लिहिलंय, कडूबाभाई. कामगारानं मागाव्यात कुठं लिहिलंय? तू उगं हात पसरीत फिरला."

"आता गेल्या ना पण त्या."

"त्या गेल्या. पुढची तरी आधी लिहून घे. लोणचं नको घालू तिचं."

शनिवारी पाळी सुटायच्या तोंडावर बद्रीनाथ प्रेसपाशी आला. रविवारी माल निघायचा व्हता आन त्या मालाच्या डायवर, म्हणजे साच्यावर, कडूबाइतका हात कुणाचा बसत नाय.

"कडूबाभाऊ, उद्या या बरं."

"येतो. बदल्यात सोळा तारीख लिहून द्या."

"बघू की सोमवारी."

"मंग उद्याचंबी सोमवारीच बघू."

"इश्वास नाय का माझ्यावर?"

"व्हता. पाच रविवारचा व्हता."

बद्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी पत्र्याकडं पाहिलं. बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. बद्रीनाथनं खिशातला पेन काढला, जॉबकार्डाच्या पाठीवर तारीख टाकली, सही केली. कडूबानं ती दोनदा वाचली आन म्हणाला, "साल राह्यलं." सालबी लिहून घेतलं. सोमवारी तो कागद म्याडमनी निमूट चढवून घेतला.

मंगळवारी कडूबा दिवसभर बांधावर उभा व्हता. जुनी खूण सोमनाथच्या गव्हात सात हात आत निघाली. सोमनाथ म्हणाला, "कंपनीतून सुट्टी काढून आला व्हय भांडायला?" कडूबा म्हणाला, "भांडायला नाय, उभं राह्यला आलो." दगड रोवून व्हईस्तोवर हलला नाय.

त्या पाच सुट्ट्या मात्र मिळाल्या नाहीत. जब्बारनं सगळ्यांच्या बुडालेल्या सुट्ट्यांचा एक अर्ज केलाय, खाली अकरा सह्या झाल्यात, पहिली कडूबाची. म्याडम म्हणतात, वर पाठवलाय. वर म्हणजे कुठं, ते अजून कुणी सांगत नाय.