टॅब दाबला की पहिलं नाव

आमच्या ऑफिसचे किस्से मी लिहून ठेवत नाही, तरी साठतातच. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातली छोटीशी लॅब, एका खोलीत तिघं: बॉस योहान, नागपूरच्या प्रज्ञाताई आणि मी. लग्न करून इथे आल्यावर सात महिने घरी बसून मिळालेली ही नोकरी, त्यात पहिले दोन महिने प्रोबेशन. तेव्हा तोंड बंद, डोळे उघडे!

*

पहिल्या दिवशी काळ्या स्क्रीनवर मी एका फाइलचं चाळीस अक्षरी नाव एकेक अक्षर बघून टाइप करत होते. मागून प्रज्ञाताई ओरडल्या, "अगं बाई, जप करतेयस का? तीन अक्षरं टाक आणि टॅब दाब!"

दाबला. नाव आपोआप पूर्ण! चार वर्षं इंजिनिअरिंग करून हे मला ठाऊक नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. समीर घास हातात धरून बघतच राहिला. "मानसी, तू नक्की इंजिनिअर आहेस ना? बायोडेटात तर होतं!"

*

योहानच्या फाइलींची नावं कॅपिटल अक्षराने सुरू, प्रज्ञाताईंची स्मॉलने. चुकीचं टाकलं की टॅब नुसता 'टुंग' करायचा. मी सेटिंगमध्ये एक ओळ घातली: लहान-मोठं अक्षर एकच समज.

योहान मागे येऊन उभा. "कुणाला विचारून केलंस?"

मी कीबोर्डवरून हात काढले. "कुणालाच नाही."

"मग मलाही करून दे. नऊ वर्षं हा टुंग ऐकतोय मी!"

नऊ वर्षं!

*

एकाच अक्षराने सुरू होणारी दोन नावं असली की टॅब अडायचा. प्रज्ञाताई म्हणाल्या, "मला विचारत बसू नको म्हणावं, पहिलं सापडेल ते घाल!" तशी सेटिंग केली. पुन्हा दाबला तर दुसरं नाव. तिघांच्याही मशीनवर.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी युट्रेख्टच्या प्रोफेसरांना रिपोर्ट पाठवला. यू, टॅब, एन्टर. गेली उपम्याची रेसिपी! दोन्ही फाइली इंग्रजी U च्या, आणि यादीत उपमा युट्रेख्टच्या आधी.

तासाभरात उत्तर आलं: "पद्धत स्पष्ट आहे. तापमान दिलेलं नाही."

*

प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. शेअर्ड फोल्डरमध्ये माझी एक फाइल शोधायला मी माझ्याच नावाची तीन अक्षरं टाकून टॅब दाबला. डचमध्ये नाव उमटलं: 'मानसी राहणार'.

अय्या! आनंदाच्या भरात पुन्हा दाबला.

'मानसी जाणार'.

प्रज्ञाताईंना खुणेने बोलावलं. "दोन्ही पत्रं तयार? आणि सगळ्यांना दिसतील अशी?"

"अगं, इथे कॉफीला भेटायचं तरी तीन आठवडे आधी ठरवतात. पत्र ऐनवेळी कोण लिहील? आणि लपवायचं कशाला, म्हणेल योहान!"

"पण कुठलं देणार?"

"ते काय मला सांगितलंय होय!"

समीर म्हणाला, "सरळ विचार ना." मी विचारलं नाही.

*

शुक्रवारी योहानने हाक मारली. "मानसी, दोन मिनिटं. तुझं पत्र."

मी त्याच्या खुर्चीमागे उभी. त्याने प्रिंटची कमांड दिली, माझ्या नावाची तीन अक्षरं टाकली. टॅब. एकदाच, म्हणजे पहिलंच नाव. एन्टर.

प्रिंटर घरघरला. योहानने कागद उचलला, चष्मा लावला, वाचला. पुन्हा वाचला. मग स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. प्रज्ञाताईंचा चहाचा कप अर्ध्यावर थांबलेला.

"सहीला पेन आहे?" त्याने विचारलं.

मी दिलं. टोपण काढूनच.