तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची सोबत

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींइतकी धडधडीत खोटं बोलणारी बाई अख्ख्या नाशिक रोडला शोधून सापडायची नाही. मला शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात काय कमी चालणं होतं?" झालं, विषय मिटला. आमच्याकडे बाईने देवाला जावं, बाजारात जावं, कुणाच्या मयतीला जावं. नुसतं चालायला म्हणून बाहेर पडणं म्हणजे नसते थेर. वहिनींना हे कुठून कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दारात हजर, साडीवर स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात लेकाचे जुने बूट, आणि चेहरा असा पाडलेला की मीच घाबरले. "आजी, चालताना मला चक्कर येते हो," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "सूनबाईंना पाठवता का सोबतीला?" आजारी बाईला सोबत नाकारायची सासूबाईंची काय बिशाद. फाटकाबाहेर पडल्यावर मात्र ही चक्करवाली बाई अशी सुटली की मला मागून धावावं लागलं.

प्रत्येक घरासाठी त्यांचं दुखणं वेगळं. आमच्याकडे चक्कर, पलीकडच्या इमारतीत गुडघा, कोपऱ्यावरच्या बंगल्यात कुत्र्यांची भीती. एका ठणठणीत बाईला सांभाळायला निघालेल्या आम्ही सगळ्या सुना मैदानाला फेऱ्या मारायचो. रिकामटेकड्या म्हणून कुणी बोट दाखवू नये, म्हणून थंडीत प्रत्येकीच्या हातात मटारची पिशवी. चालता चालता शेंगा सोलायच्या, टरफलं वहिनींच्या पिशवीत टाकायची. "हात चालू ठेवा गं, गॅलरीतून बघतायत," असं त्या दबक्या आवाजात बजावत. एखादी आली नाही तर तिच्या खिडकीखाली उभ्या राहून आपल्या गुडघ्याच्या नावाने असा गळा काढत, की तिची सासूच तिला खाली पिटाळायची. माझी शुगर उतरली. रोज इतकी खोटी दुखणी सांगणाऱ्या या बाईने स्वतःचं बीपी मात्र कधी तपासून घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मैदानावर त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "मला चक्कर येतेय." आम्ही सगळ्या खो खो हसलो. एकीने विचारलंही, "आज कुणाच्या सासूला ऐकवताय?" वहिनींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि आम्हाला वाटलं, त्याही हसतायत. मग हातातली पिशवी पडली आणि मागोमाग त्या.

दवाखान्यातून आल्या त्या डावी बाजू गमावूनच. आता चालल्या नाहीत तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वहिनींनी अंथरूण सोडलं नाही. वॉकर भिंतीशी तसाच. "पाय फरफटतो," त्या जड जिभेने म्हणायच्या, "लोकांना कशाला तमाशा?" आम्ही विनवण्या केल्या, मी तर रागावलेही. बाई ढिम्म हलली नाही. इकडे आमचंही मैदान सुटलं, कारण आता घरी सांगणार काय? एकेक जण पुन्हा चार भिंतींत गेली. माझी शुगर चढली. मला तर काही करावंसंच वाटेना.

एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "मला वर ने." लिफ्ट बंद होती, तरी कठडा धरत, धापा टाकत त्या जिना चढल्या आणि वहिनींच्या अंथरुणाशी बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुझी चक्कर मला पहिल्या दिवसापासून खोटी वाटत होती. ह्या पोरीला बाहेर पडायला हवं होतं. मला माझ्या तोंडाने जा म्हणता येईना, म्हणून तुझं ऐकून घेतलं." वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासूबाईंनी तिकडे न बघता वॉकर पुढे ओढला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही सगळ्या तिसऱ्या मजल्यावर जमतो. वहिनींच्या दारापासून लिफ्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. याहून फारसं सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते वहिनींनाही माहीत आहे. इतक्या सावकाश चालण्याने माझी शुगर काही उतरत नाही. मैदान खाली मोकळंच असतं. पण वहिनींचा पाय उचलला जाईपर्यंत आम्ही सगळ्या थांबतो, सासूबाईसुद्धा, आणि पुढे कुणी जात नाही.