दह्यासाठी थांबलेला पायलट

आधीच सांगते, मी बँकेत रिस्क डिपार्टमेंटला आहे. इथे सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात दिवसभर लोकांना "पुरावा दाखवा" म्हणत बसते आणि घरीही माझा तोच खाक्या. भुतंखेतं, शकुन-अपशकुन... आपल्याला नाही पटत. यिशुनला राहते म्हटलं की इथले लोक हसतात, कारण काही विचित्र घडलं तर ते यिशुनलाच घडणार अशी इथली समजूत. तर घ्या, माझ्याकडूनही एक.

मागच्या वर्षी आई पुण्याहून आमच्याकडे आली होती. रविवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन. नवरा बॅडमिंटनला गेलेला. मी आणि माझी लेक इरा एक सिनेमा बघत होतो — पहिल्या महायुद्धातले जर्मन फायटर पायलट. सगळे कोवळे पोरगे, आणि पदकासाठी जीव टाकणारे. एकाने शत्रूचं विमान पाडलं की दुसऱ्याच्या पोटात दुखायचं. संवाद जर्मन, सबटायटल्स इंग्लिश. आईला दोन्ही भाषा येत नाहीत, तरी घेवड्याच्या शिरा काढता काढता ती टक लावून बघत होती. मला वाटलं होतं, ती आत जाऊन पडेल.

कारण माझा मोठा भाऊ, अविदादा, हवाई दलात पायलट व्हायला गेला होता. ट्रेनिंगमध्ये पहिलाच यायचं, फायटरच उडवायचं, दुसरी भाषा नाही. आईचा ठाम विरोध. सुट्टी संपवून तो निघाला त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही देतात. दादा बूट घालून दारात हात पुढे करून उभा राहिला... आणि आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. शेवटी माझ्याकडे बघून "येतो गं" म्हणाला आणि गेला. थोड्याच दिवसांत त्याचं ट्रेनिंगचं विमान कोसळलं, त्यात तो गेला. त्या सकाळबद्दल आई कधी चकार शब्द बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तर, सिनेमा. त्यातला सगळ्यात तरबेज, सोनेरी केसांचा पोरगा — दादाशी काडीचंही साम्य नाही — विमानाकडे निघाला. चालता चालता थांबला. उजव्या हाताचा हातमोजा काढला, वळला, आणि सरळ आमच्याकडे बघत तळहात पुढे केला. हलेचना. मला वाटलं, नेट अडकलं. पण त्याच्या गळ्यातला मफलर वाऱ्यावर उडत होता.

"व्हॉट्स ही वेटिंग फॉर, आह?" इराने तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये विचारलं.

आई उठली. मांडीवरचा घेवडा खाली सांडला. तिने फ्रीजमधून दह्याचं भांडं काढलं, चमचाभर घेतलं आणि टीव्हीसमोर जाऊन त्या हातापाशी धरलं.

"सुखरूप ये रे," म्हणाली.

त्याने हात तोंडाशी नेला. चाटला. हातमोजा चढवला आणि विमानात जाऊन बसला.

आईच्या हातातला चमचा रिकामा होता. टीव्हीवर, खाली फरशीवर, कुठेही दह्याचा ठिपका नव्हता. मी रिमोट उचलला, सीन मागे न्यायला. आईने माझं मनगट धरलं. "निघालेल्याला मागे बोलावू नये." आणि तिथेच टीव्हीपुढे खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसली.

शेवटी तो पोरगा मेला. कुणी मारला नाही. आपणच सरस हे दाखवायच्या नादात विमान नको तितकं खाली घेतलं आणि झाडांवर आपटलं.

"आजी, ही डाइड लाह," इरा हळूच म्हणाली. "सॉरी."

नंतर मी तो सिनेमा एकटीने पुन्हा पाहिला. पोरगा हातमोजे घालूनच चालत येतो आणि सरळ विमानात चढतो. थांबत नाही, वळत नाही. इरा आजही म्हणते, "बट आय सॉ, मम्मा. आजी गेव्ह हिम दही." भास म्हणावा तर तिघींना एकदम कसा होईल? आणि ते चमचाभर दही गेलं कुठे? मी खूप डोकं खाजवलं. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

पण मला अजून छळतं ते वेगळंच. सिनेमा संपल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. इतकी वर्षं ती मनाशी काय धरून बसली होती, ते मला तेव्हा कुठे कळलं. म्हटलं, "बघितलंस ना आई? दही देऊनही गेलाच तो. दादाचं तुझ्यामुळे नाही झालं गं." मला वाटलं, आता तिच्या छातीवरचा दगड उतरेल.

तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "वाचला नसता, ते कळतंय मला. पण माझ्यावर रुसून तरी गेला नसता."