दोन ओट्यांमधली इंग्रजी

मॅट्रिकला पहिल्या खेपेला मी इंग्रजीत उडाले. देवळीत तेव्हा इतकं शिकणाऱ्या मुलीच मोजक्या, आणि त्यात नापास झालेली मी! वडिलांनी सांगून टाकलं, "अजून एक डाव पाह्यतो. मंग आष्टीचं स्थळ हाये."

मला छळलं ते क्रियापदांनी. काहींच्या पुढे 'टू' घ्यायचं, काहींच्या पुढच्या शब्दाला 'इंग' लावायचं. 'वॉन्ट'ला टू, 'एंजॉय'ला इंग. मी एकदाच विचारलं, "सर, काऊन?" सर म्हणाले, "काऊनबिऊन काही नाही. पाठ करा."

घरात पाठ करायला सवड कुठली? कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. मी यादीची चिठ्ठी कमरेला खोचून मायसोबत शेतात जायची आणि वेचता वेचता मोठ्यानं घोकायची. माय पक्की अंगठेबहाद्दर. वेचताना ती दोन ओट्या बांधायची: मोठीत पांढरा कापूस, लहानीत कवडी, म्हणजे डागाळलेला. दोनतीन दिवस तिनं माझं घोकणं नुसतं ऐकलं. मग एका दुपारी कपाशीच्या पलीकडच्या ओळीतून आवाज आला, "चुकली! एंजॉय कवडीतला हाये."

टूवाले सगळे शब्द तिनं पांढऱ्यात टाकले होते, इंगवाले कवडीत. मी खूप हसले, पण 'एंजॉय' पुन्हा कधी चुकले नाही. त्या दिवसापासून मायच माझी परीक्षक झाली, आणि सरांपेक्षा कडक.

'रिफ्यूज' हा पांढऱ्यातला शब्द तिला भारी आवडायचा. एकदा तिनं विचारलं, "कायले म्हन्तेत वं हे?"

माझं डोकं आधीच तापलेलं. मी फटकन बोलले, "तुले काय करा लागते? तू फक्त चूक सांग." ती वेचत राहिली.

परीक्षेला पंधरा दिवस होते. वडील जेवताना म्हणाले, "आष्टीचे पाव्हने रविवारी पोरीले पाह्याले येऊन राह्यले."

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाई. पेपर झाल्याबिगर कोनी यायचं नाई."

वडिलांना 'नाई' म्हणताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं. ते अर्ध्या जेवणावरून उठले, चपला घालून बाहेर गेले. रविवारी कोणी आलं नाही.

मी पास झाले, आणि पुढे इंग्रजीचीच मास्तरीण झाले. दर वर्षी वर्गात एखादी "काऊन?" विचारायचीच. मी कोणावर रागावले नाही. 'रिफ्यूज'चा अर्थ सांगताना मात्र पिठानं भरलेले ते हात दिसायचे आणि खडू जरा थांबायचा.

माय थकली तरी दोन्ही याद्या धडाधड म्हणायची. एवढी वर्षं ती माझ्याजवळच होती. शेकडो परक्या पोरींना सांगितलेला तो अर्थ तिला सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. तो मी सांगितला नाही, आणि तिनंही मला पुन्हा विचारलं नाही.