खिचडीचा डबा

आज साबुदाण्यात दाण्याचं कूट घातलं, वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

सोलापूरहून आम्ही पहिल्यांदाच थीम पार्क बघायला गेलो होतो. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून फाटकावरच्या माणसानं आईचा उपवासाच्या खिचडीचा डबा आमच्या डोळ्यांदेखत काढून घेतला. आत जेवायचं कुठं, यावर अर्धा तास भांडण झालं. धाकटीलाही विचारलं, आईला कुणीच नाही. पिझ्झा ठरला. आई नुसतं पाणी पीत बसली.

“खात का न्हाईस?” अप्पा खेकसले.

“चतुर्थी हाय की.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय?”

डबा घेणाऱ्याचा राग केव्हाच गेला. राग येतो तो माझाच. तोंडात घास कोंबून मीही म्हणाले होते, “खरंच आई, सांगायचंस की!”