आमच्या बॉलचं पंक्चर

भिंगारच्या वेशीजवळ एका पंक्चरवाल्याचं सायकलचं दुकान होतं. फुटबॉलमध्ये तो भिंगारच्या टीमचा, मी नगरच्या. माझं पंक्चर काढता काढता तो जुने सामने उकरून काढायचा. त्याच्या मते भिंगार कधी हरलंच नव्हतं. “तवा ऊन डोळ्यावर हुतं,” म्हणायचा, नाहीतर “रेफ्री तुमचा हुता.” नगर मात्र हरलं की हरायचं.

एकदा भिंगारविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या बॉलची हवा बसली. नाइलाजाने त्याच्याकडेच नेला. त्याने आतला ब्लॅडर घमेल्यातल्या पाण्यात दाबून भोक शोधलं, ठिगळ लावलं, ब्लॅडर परत आत घालून हवा भरली आणि बॉलच्या तोंडाची चामडी वादी दाताने ओढून घट्ट बांधली.

“घ्या. उद्या हरला तर बॉलवर ढकलू नगा,” तो म्हणाला.

आम्ही हरलो. त्यानंतर पंक्चर काढायला मी दुसरीकडे जाऊ लागलो.