दहाव्या वेळची घंटा

भुताखेतांच्या गप्पा ऐन रंगात आल्या की मागून हळूच जाऊन "भॉ" करणारा माणूस मी. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय... कारण यात भूत नाहीच. एक पितळी घंटा आहे, आणि ती माझ्याच हातात होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा केंद्र सरकारात, आम्ही राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पहिल्या मजल्यावर. धाकटी बहीण शैलू बीएस्सीला. त्या हिवाळ्यात तिचं काहीतरी बिनसलं. झोप उडाली. भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतात, म्हणायची. आईनं डावीकडून हाक मारली की ही उजवीकडे वळणार. मी भरपूर चिडवून घेतलं... आणि एक दिवस रिंग रोडवर बसचा हॉर्न उजवीकडून आला, ही डावीकडे बघत पुढे निघाली. दंड धरून ओढली म्हणून वाचली.

डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मनाच्या आजाराची सुरुवात आहे. त्यात आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदूची गफलत होऊ शकते. औषधं सुरू झाली. उन्हाळ्यापर्यंत शैलू पुष्कळ सावरली आणि एकच धोशा लावला – कॉलेजला एकटी जाणार. डॉक्टरांनी घरगुती परीक्षा सांगितली. डोळे बांधायचे, दहा वेळा घंटा वाजवायची, तिनं दिशा दाखवायची, आपण वहीत खूण करायची. आठ बरोबर आल्या तर जाऊ द्या.

दुपारचे दोन. कूलर बंद. देवघरातली घंटा माझ्या हातात. नऊ झाल्या, सात बरोबर. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला... ही माझ्या पावलांवरून तर ओळखत नाही? बस काही पाय वाजवत येत नाही! दहाव्या वेळी मी अनवाणी, श्वास रोखून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. घंटेचा लोलक मुठीत गच्च धरला. वाजवलीच नाही.

शैलूचं बोट सरळ माझ्या छातीकडे.

"स्वयंपाकघराचं दार. आणि दादा, चीटिंग नको यार. दोनदा वाजवलीस."

नसलेला आवाज ऐकला, म्हणजे आजार तिथेच. वहीत खरं लिहिलं की हिचं कॉलेज संपलं. पेन उचललं... तेवढ्यात गॅलरीत कुरडया उलटणारी आई म्हणाली, "अरे, दोनदा कशाला वाजवतोस? गोंधळेल ना ती."

घामेजलेली मूठ उघडून पाहिली. लोलक आतच होता.

मी वहीत बरोबरची खूण केली.

शैलू आज फरीदाबादला गणित शिकवते. औषधं नियमानं घेते, रस्ते एकटी ओलांडते. दर भाऊबीजेला ती वही बाहेर काढते. "दहावी पण बरोबर होती," म्हणते. मी "बिल्कुल" म्हणतो आणि ताटाकडे बघतो.

आई आता नाही, विचारू कुणाला? शैलू, तू हा अंक वाचतेस, म्हणून आज सांगून टाकतो. घंटा मी वाजवली नव्हती. किंवा वाजवलीही असेन... आणि त्या दुपारी त्या घरात ती ऐकू न आलेला एकटा मीच असेन.